कामिनीची जुडी आणि बर्फाची लादी



आज कापसावर लिहीत नाही, पानांवर लिहितो. पान म्हणजे खायचं नव्हे. लग्नाच्या स्टेजवर, हाराच्या मागे, बुकेमध्ये फुलांच्या आजूबाजूला जो हिरवा पाला लावतात तो. कामिनी, अरेका पाम, सॉंग ऑफ इंडिया. माझ्या बांधावरून जाणारे पुष्कळ जण थांबून विचारतात, काका, या झुडपांचे पैसे होतात का, अन् नागपूरला पोचेपर्यंत हा पाला हिरवा कसा राहतो? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. होतात, पण मोजके, कपाशी सोडून द्यावी इतके नाही. दुसऱ्याचं उत्तर मोठं आहे. ते शिकायला मला एक अख्खी गाडी माल घालवावा लागला, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

2017 साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काय केलं ते तुम्हाला नव्यानं सांगायची गरज नाही. माझ्या रानात अर्धी बोंडं उकललीच नाहीत, उकलली ती किडकी, नुसती कवडी. पुढच्या पावसाळ्यात मी बोअरजवळचा अर्धा एकर कपाशीतून काढला आणि कामिनी लावली. जुन्या आंब्यांच्या सावलीत अरेका अन् सॉंग लावली, कारण त्यांना उघडं ऊन सोसत नाही. गावात हसले. "काय गा, बंगला बांधतो का? कुंपण तं आधीच लावलं!" आपल्याकडं कामिनी म्हणजे बंगल्याच्या कुंपणाचं झाड, त्यामुळं त्यांचंही चुकत नव्हतं. कामिनी तोडणीला आली तेव्हा नेमका 2020 चा लॉकडाऊन लागला. लग्नं बंद, डेकोरेशन बंद. 2021 चा उन्हाळाही तसाच गेला. दोन वर्षं काड्या छाटून बांधावर टाकल्या.

मग मे 2022 मध्ये पहिली खरी ऑर्डर आली. नागपूरच्या सीताबर्डीच्या फूलबाजारातल्या एका व्यापाऱ्यानं कामिनीच्या 120 जुड्या, अरेकाची 200 पानं आणि सॉंगच्या 40 जुड्या मागितल्या. एका जुडीत 20 काड्या. पोरीची नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरायची होती, ती याच पट्टीतून भरू असं घरात ठरलं होतं.

त्या दिवशी मी काय काय केलं ते क्रमानं सांगतो. वाचताना हसू आलं तर हसा.

बाया सकाळी नऊ वाजता आल्या. घरचं पाणी भरून, स्वयंपाक करून येणार, त्याआधी कशा येतील? तोडणी बारापर्यंत चालली. विळ्यानं तोडलं. तोडलेला पाला निंबाखाली ताडपत्रीवर ढीग करून ठेवला. ऊन इतकं होतं की ढीग सुकायला लागला, म्हणून मी पाइपानं वरून चांगलं पाणी मारलं. पानं चमकली, माझं समाधान झालं. चार वाजता थर्माकोलच्या पेट्या आणल्या आणि यवतमाळहून आणलेली बर्फाची लादी फोडून मध्ये मध्ये भरली. हा बर्फाचा विचार माझा. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता, त्यात परदेशातले शेतकरी पाला थंड खोलीत ठेवतात असं दाखवलं होतं. बाभुळगावात पारा 44 वर, थंड खोली कुठून आणायची? तर बर्फ. गाडीवाला म्हणाला, भाऊ, जागा रिकामी जाते, आंब्याचे क्रेट टाकून घेऊ. घरचेच आंबे, पाडाला आलेले. टाकले. पाचला गाडी निघाली, भर उन्हात. कळंब, देवळी, वर्धा करत रात्री नागपूरला पोचली, माल उतरला दुसऱ्या दिवशी पहाटे.

सकाळी साडेसहाला फोन. "भाऊ, माल तं पाहून घ्या न एकदा. अरेका काळा पडून राह्यला. कामिनीले हात लावला का झडून राह्यली. मी स्टेजवर काय लावू आता?"

फोटो आले. अरेकाच्या पानांवर जिथं जिथं बर्फ टेकला होता तिथं काळपट, पाणी सुटल्यासारखे पट्टे. कामिनीच्या काड्या अर्ध्या उघड्या. सॉंगची पिवळी कड तपकिरी झालेली. त्या माणसाचा दोष नव्हता, त्याला ऐन वेळी दुसरीकडून पाला विकत घ्यावा लागला. पट्टी आली तेव्हा गाडीभाडं, हमाली, अडत वजा जाऊन मीच देणं लागत होतो. आंब्यांनी थोडी लाज राखली. फीसाठी साळ्याकडं हात पसरला.

संध्याकाळी आमच्या सौ. म्हणाल्या, "बर्फ काहून टाकला? सांबारावर कोनी बर्फ ठेवते काय?"

आमच्या विदर्भाबाहेरचे कोणी वाचत असतील तर सांबार म्हणजे कोथिंबीर. सौ.नं बारा वर्षं आठवडी बाजारात सांबार, मेथी, पालक विकला आहे. ती म्हणाली, "मी सांबार मुळ्यासगट पान्यात उभा करतो. वरून ओला कपडा, तो बी पिळून. पानावर पानी मारलं अन् बांधून ठेवलं का सडला समजा." मला राग आला. माल गेलेल्या माणसाला कोणाचं बरोबर असलेलं आवडत नाही. मी जेवलो नाही. पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

पंधरा दिवसांनी मेलेल्या काड्या पिशवीत घालून मी यवतमाळला कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या एका साहेबांनी काड्या टेबलावर पसरल्या आणि औषध सांगायच्या आधी प्रश्न विचारले. किती वाजता तोडलं? कशानं तोडलं? तोडल्यापासून काडी पाण्यात जायला किती वेळ लागला? मी म्हटलं, पाण्यात गेलीच नाही, पाणी वरून मारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, तुम्ही पानाला मेलेलं समजून पॅक केलं. ते जिवंत होतं.

तिथून पुढं मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

तोडलेलं पान श्वास घेतच राहतं. त्याच्या छिद्रांतून पाणी उडतच राहतं. फरक एवढाच की खालून मुळाचा पुरवठा तुटला. म्हणजे खर्च चालू, आवक बंद. जितकं ऊन, जितका वारा, तितका खर्च जास्त. मग काडीच्या कापलेल्या टोकाशी काय होतं? आपल्या विहिरीवरची मोटर बंद केली, फुटव्हॉल्व्ह गळका असला, की पाइपात हवा शिरते. मग मोटर कितीही फिरवा, पाणी उचलत नाही, आपण म्हणतो मोटरनं हवा धरली. काडीतही पाणी चढायच्या बारीक नळ्या आहेत. कोरडी राहिली की त्या नळ्या हवा धरतात. नंतर ती काडी बादलीभर पाण्यात उभी केली तरी वर पाणी जात नाही, पान पाण्यात उभं राहून सुकतं. मोटरमधली हवा काढतो तशी इथंही काढावी लागते. टोक दोन-तीन सेंटिमीटर परत कापायचं, शक्य असेल तर पाण्यात बुडवून कापायचं. पण मुळात हवा धरूच न दिलेली बरी.

बर्फाचं कोडं त्या साहेबांनीच सोडवलं. व्हिडिओत होतं ते लेदरलीफ नावाचं फर्न. अमेरिकेत फ्लोरिडाकडं आणि कोस्टा रिकात ते मोठ्या प्रमाणावर होतं, अन् ते 4 अंशांच्या आसपास आरामात राहतं. माझा अरेका अन् सॉंग ही उष्ण मुलखातली झाडं. त्यांना 10 अंशांच्या खाली थंडी बाधते, पेशी फुटल्यासारख्या होतात, पान काळं पडतं. बर्फ तर शून्यावर. म्हणजे मी उन्हानं भाजलेल्या पानाला बर्फानं परत भाजलं. केळ फ्रिजमध्ये काळं पडतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, पण केळीवरून अरेकाचा विचार कोणाला सुचतो?

आणि आंबे. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो. व्यापारी फळं पिकवायला हाच वायू वापरतात. पण बंद गाडीत तोच वायू पाल्याला म्हातारपण आणतो. पान पिवळं पडतं, देठ सुटतो. माझी कामिनी हात लावताच झडत होती त्यात याचा किती वाटा, उन्हाचा किती, ते वेगळं काढता येणार नाही. पण त्यानंतर आंबा अन् पाला मी कधी एका गाडीत टाकला नाही. केळी, पपईसुद्धा नाही.

घरी येऊन मी खिडकीत बाटल्या मांडल्या. पाण्याच्या एक लिटरच्या सात बाटल्या, गळे कापून. एकात बोअरचं साधं पाणी, एकात साखर घातलेलं, एकात ब्लीचचं, एकात लिंबूसत्व घातलेलं, एकात गाळलेलं पावसाचं, एकात कालव्याचं, अन् एकात काडी कोरडीच. प्रत्येकीत कामिनीच्या तीन काड्या अन् सॉंगची एक. माय म्हणाली, "बाबू, तू दहावी पास होऊन चाळीस वर्षं झाली, आता काहून शाळा मांडली?" वही मात्र ठेवली, ती अजून आहे.

साखरेची बाटली मला सगळ्यात चांगली जाईल असं वाटलं होतं, कारण फुलांच्या पाण्यात साखर घालतात हे ऐकलेलं. तिसऱ्या दिवशी पाणी बुळबुळीत, वास, काडीचं टोक चिकट. साखर खरंच अन्न आहे, पण पानाआधी ती जंतू खातात. तेच जंतू काडीचं तोंड बुजवतात. फुलाला उमलायचं असतं म्हणून साखर लागते, अन् तिच्यासोबत जंतुनाशक लागतंच. तयार पानाला उमलायचं काही नसतं. मी पाल्याला साखर घालत नाही. साध्या बोअरच्या पाण्यात कामिनी चौथ्या दिवशी माना टाकायला लागली. ब्लीचच्या अन् लिंबूसत्वाच्या पाण्यात आठव्या दिवशीही तजेला होता, पावसाच्या पाण्यात त्याच्याच मागोमाग. कोरडी काडी पहिल्याच संध्याकाळी गेली, ते सांगायलाच नको.

इथं एक धोक्याची गोष्ट सांगतो, अन् ही नीट वाचा. दोन्ही चांगलं तर दोन्ही मिळून दुप्पट चांगलं, असा हिशेब मी केला आणि एका बादलीत ब्लीच अन् लिंबूसत्व एकत्र टाकलं. बादलीतून जो वास उठला त्यानं घसाच धरला, डोळ्यांतून पाणी, अर्धा तास खोकत होतो. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत केलं असतं तर आज लिहायला बसलो नसतो. फवारणीची दोन औषधं न विचारता एकत्र करू नका असं मी दुसऱ्यांना सांगत फिरतो, अन् स्वतः हे केलं. 2017 च्या फवारणीत आपल्या जिल्ह्यानं माणसं गमावली आहेत. तर एका वेळी एकच.

माझं प्रमाण असं आहे. घरात वापरतो ते पातळ ब्लीच, 4-5 टक्के क्लोरीनचं, 10 लिटर पाण्याला 10 मिली. म्हणजे साधारण 40 ते 50 पीपीएम. रोज बदलायचं, कारण उन्हात अन् कचऱ्यात त्याचा जोर संपतो. किंवा लिंबूसत्व, मऊ पाण्याला 10 लिटरमागे 3 ग्रॅम पुरतं. आमच्या बोअरच्या जड पाण्याला जास्त लागतं, म्हणून मी पीएचची पट्टी बुडवून बघतो, साडेतीन ते चारच्या मध्ये आलं की थांबतो. आंबट पाणी काडीत लवकर चढतं आणि त्यात जंतू हळू वाढतात. तोडणीच्या बादलीला मी ब्लीच वापरतो, रात्रभर उभं ठेवायला लिंबूसत्व. बादल्या वेगळ्या, त्यांचे रंग वेगळे. निळी ब्लीचची, हिरवी लिंबूची. आमच्या बायांना वाचायला लावण्यापेक्षा रंग बरा.

आता सॉंगचं. ही गोष्ट पाल्याच्या विषयाबाहेर जाते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्या बाटल्यांत सॉंगची जी एकेक काडी होती, तिच्या पानांची टोकं बोअरच्या पाण्यात आठवड्याभरात तपकिरी झाली. पावसाच्या अन् कालव्याच्या पाण्यात तशी झाली नाहीत. मग मी रानातली झाडं पाहिली. तिथंही जुन्या पानांची टोकं जळालेली. मी इतके दिवस ते उन्हाचं समजत होतो, पण झाडं तर आंब्याच्या सावलीत. परत साहेबांकडं. त्यांनी विचारलं, बोअर किती फूट आहे? मी म्हटलं, तीनशेच्या वर. ते थोडं थांबून म्हणाले, पाण्यातलं फ्लोराइड तपासून घ्या. ड्रेसिनाच्या कुळातल्या झाडांना फ्लोराइड सहन होत नाही, ते पाण्याबरोबर पानाच्या टोकाशी जाऊन साचतं अन् टोक जळतं. सॉंग त्याच कुळातली.

आपल्या जिल्ह्यात अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे हे पेपरात वाचलेलं होतं. पण ते दुसऱ्यांच्या गावाचं असं मी धरून होतो. तपासणीचा कागद आला. पिण्याच्या पाण्यात 1 मिलिग्रॅम लिटरमागे चांगलं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचं, अशी मर्यादा आहे. आमचं दीडच्या वर होतं. हेच पाणी आम्ही अठरा वर्षं पीत होतो. भावाच्या नातवाच्या दातांवर पिवळट डाग आहेत, ते आम्ही ब्रश करत नाही म्हणून त्याला रागवायचो. मायचे गुडघे, कंबर. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले वयाचंही असेल, पाण्याचंही असेल, आता सांगता येत नाही. त्या दिवसापासून पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीच्या फिल्टरवरून आणतो. बोअर फक्त कामिनीला आणि कपाशीला. सॉंगला कालव्याचं पाणी साठवून देतो, बेंबळ्याचं पाणी सुटतं तेव्हा टाकी भरून ठेवतो. अन् त्या वाफ्यात सिंगल सुपर फॉस्फेट बंद केलं, त्यातही फ्लोराइड असतं. नवी पानं आता टोकापर्यंत साफ येतात. मायला मी अजून पुरतं सांगितलं नाही.

असो. परत पाल्याकडं.

तोडणी आता पहाटे पाचला सुरू होते अन् सातला संपते. त्यासाठी बायांची वेळ नाही बदलली, रीत बदलली. दोघी जणी पहाटे येतात, दोन तासांत घरी जाऊन स्वयंपाक करतात, परत दहाला सावलीतल्या निवडीला येतात. मजुरी पूर्ण दिवसाची. आदल्या संध्याकाळी वाफ्याला ओल देतो म्हणजे पहाटे पान पाण्यानं भरलेलं असतं. काडी फक्त गर्द हिरव्या, कडक पानांची. कोवळ्या पोपटी शेंड्याची काडी कितीही सुंदर दिसली तरी तोडायची नाही, ती पहिली मान टाकते. विळा बंद, धारेचा सिकेटर. विळा काडी चेचतो, चेचलेल्या नळीतून पाणी चढत नाही. काप तिरका, म्हणजे काडी बादलीच्या तळाला टेकून बंद होत नाही. तोडणाऱ्या बाईच्या शेजारी बादली, काडी हातातून थेट बादलीत. खालची वीतभर पानं आधीच उतरवायची, पाण्यात बुडालेलं पान सडतं अन् पाणी नासवतं. पाऊस पडून गेल्या गेल्या तोडायचं नाही. पान कोरडं, देठ ओला. आमच्या सौ.च्या सांबाराचा नियम, तिनं मला अजून एकदाही आठवण करून दिलेली नाही.

मग दिवसभर ठेवायचं कुठं, कारण गाडी रात्री दहाशिवाय निघत नाही? शीतगृह आमच्या आवाक्यातलं नाही, अन् पाचपन्नास जुड्यांसाठी ते परवडतही नाही. मी 2023 च्या फेब्रुवारीत विटांचा हौद बांधला. दिल्लीच्या पुसा संस्थेनं ही रीत भाजीपाल्यासाठी काढलेली आहे, शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. वीज लागत नाही. दोन विटांच्या भिंती, एकात एक, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू. वाळूवर ठिबकची जुनी नळी टाकली, तिच्यातून टिपटिप पाणी. वर बांबूच्या ताट्यावर ओलं बारदान. विटा जुन्या घराच्या होत्या, वाळू मात्र विकत घ्यावी लागली, अन् आजकाल वाळूचा भाव कोणाला सांगावा. तत्त्व आपल्या कूलरचंच आहे. विदर्भात घरोघरी कूलर आहे, कारण आपलं ऊन कोरडं. कोरड्या हवेत पाणी उडतं अन् उडताना उष्णता घेऊन जातं. आपलं वैरी ऊन इथं कामाला लागतं. गेल्या उन्हाळ्यात दुपारी दोनला बाहेर 43 होतं तेव्हा हौदात 28 होतं, अन् आत हवा दमट. पाल्याला हेच पाहिजे. बर्फ नको, दमट सावली पाहिजे. बादल्या त्या हौदात उभ्या राहतात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत. मोठा माणूस वाकून काढू शकेल एवढंच बांधा, मी थोडं खोल बांधलं, कंबर धरते.

पावसाळ्यात मात्र हा हौद फसला. पहिल्या वर्षी गणपतीच्या मालाला मी तीच रीत वापरली. हवेतच ओल, त्यामुळं गारवा आला नाही, नुसती कोंदट ओल आली, अन् दोन दिवसांत कामिनीवर काळे ठिपके. बुरशी. तीसेक जुड्या फेकल्या. आता जून ते सप्टेंबर हौद रिकामा, बादल्या उघड्या शेडमध्ये, पंखा लावून. अन् जुड्या सैल बांधायच्या. ज्यांच्याकडं समुद्राची हवा आहे त्यांनी माझा हौद बघून बांधू नये, पैसे वाया जातील.

पॅकिंगमध्ये पानावर ओल नको. रात्री नऊला काड्या पाण्यातून काढायच्या, देठ झटकायचे, देठालाच ओलं कापड अन् त्यावर प्लास्टिकची पिशवी रबरानं. पानांना कोरडा कागद. खोके पुठ्ठ्याचे, भोकं पाडलेले. दाबून भरायचं नाही, दाबलेल्या खोक्यात मध्यभाग गरम होतो. पानं स्वतःच श्वास घेऊन उष्णता करतात, कापसाच्या ओल्या गंजीत हात घातला की कसा गरम लागतो, तसंच. गाडी रात्रीची. नागपूर पहाटे.

एवढं करूनही अर्धं काम समोरच्याच्या हातात राहतं. डेकोरेशनवाल्या पोरांनी खोकं उन्हात टेम्पोवर ठेवलं तर माझी पहाट फुकट. म्हणून प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी टाकतो, हातानं लिहिलेली, झेरॉक्स काढून. त्यात चारच ओळी आहेत. आल्या आल्या देठ बोटभर कापा. लगेच पाण्यात उभं करा. बर्फावर ठेवू नका. फळांजवळ ठेवू नका. त्या व्यापाऱ्याकडच्या एका पोरानं मला एकदा फोन करून विचारलं, काका, फोममध्ये खोचलेली पानं पण सुकतात, ते काहून? मी म्हटलं, फोम पाण्यात कसा भिजवता? तो म्हणाला, दाबून बुडवतो. दाबला की आत हवा अडकते, वरून ओला दिसतो, आतून कोरडा राहतो. पाण्यावर ठेवून द्यायचा, आपोआप खाली बसू द्यायचा. हे मला त्या साहेबांनी सांगितलेलं, मी त्याला सांगितलं. आता तो पोरगा दर खेपेला फोन करतो, कोणती पानं कितव्या दिवशी उतरली ते सांगतो. माझ्या वहीत त्याच्या नावाचं वेगळं पान आहे.

ज्या व्यापाऱ्याचा पहिला माल नासला होता त्याच्याकडं मी वर्षभर गेलो नाही, लाज वाटायची. 2023 च्या मे महिन्यात पाच जुड्या नमुना म्हणून पाठवल्या, बिनपैशाच्या, सांगून की चार दिवस पाण्यात ठेवून बघा. त्यानं सहाव्या दिवशी फोटो पाठवला. फोटोखाली काही लिहिलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी ऑर्डर आली. साळ्याचे पैसे त्या हंगामात फिटले. पोरगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की ती बादल्यांचं ब्लीच सिरिंजनं मोजते, अन् माझ्या झाकणाच्या मापाला हसते.

अरेकाचं मात्र माझं अजून जमलेलं नाही. कामिनी सात-आठ दिवस धरते, सॉंग त्याहून जास्त. अरेकाची लांब पानं तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडेनं वळायला लागतात. मोठं पान, उडणारं पाणी जास्त, देठातून चढणारं कमी पडतं असं मला वाटतं. यंदा पहाटे तोडून पूर्ण पानच अर्धा तास साध्या स्वच्छ पाण्यात आडवं बुडवून, मग सावलीत निथळून, कोरडं करून हौदात उभं करतोय. दोन खेपा झाल्या, एक बरी गेली, एक तशीच. तिसरी उद्या. अरेकाची 60 पानं अन् कामिनीच्या 40 जुड्यांची ऑर्डर आहे. ओल देऊन झाली, सिकेटर ब्लीचच्या पाण्यातून काढून पुसून ठेवला. पाचला उठायचं आहे, तेव्हा इथंच थांबतो.